बंद काजांचे तीनशे चाळीस शर्ट

मित्रांनो, आज सकाळी शर्ट घालताना तुम्ही बटणं लावलीत ना? ती बटणं ज्या फटीतून पलीकडे गेली, तिला काज म्हणतात. काजं पाडण्यातच माझा जन्म गेला. मी आहे एक जुनी काजाची मशीन. अंगावरचा काळा रंग ठिकठिकाणी उडालाय, खालचं लाकूड एका बाजूला झिजलंय आणि सुरू होताना मी जरा कुरकुरते. पण एकदा कुरकुरून झालं की कामात हार जात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण म्हाताऱ्या मशीनची गोष्ट म्हटलं की ऐकणारे लगेच चेहरा पाडून बसतात. माझ्या गोष्टीतही चेहरा पाडण्याजोगा भाग आहे, पण तो मध्येच कुठेतरी आहे. तेवढा सोसा.

माझ्या जन्माबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लोखंड वितळलं, साच्यात ओतलं गेलं, थंड झालं, घासलं गेलं आणि मी झाले. साध्या शिलाई मशीनला सरळ टाके घालता येतात. माझं तसं नाही. मी आधी काजाची एक कड दोऱ्याने भरते, मग दुसरी भरते, दोन्ही टोकांना आडवे टाके घालून पक्कं करते, आणि सगळं झाल्यावर माझं छोटं पातं खाली येऊन मधोमध चीर पाडतं. खट्! त्या आवाजावर माझा फार जीव. काम पुरं झाल्याची ती पावती असते.

एका लांबट खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीजवळ मला बसवलं. तिथे शाळेचे गणवेश शिवत. शाळा उघडायच्या आधीचे दोन महिने तर आम्हाला मान वर करायला फुरसत नसे. पांढरे शर्ट, निळे शर्ट, चौकड्यांचे शर्ट, ढीगच्या ढीग. इवल्याशा शर्टांना मी इवलीशी काजं पाडत असे आणि दहावीतल्या पोरांच्या शर्टांना ऐटदार काजं. त्या गावात अशी किती माणसं असतील, ज्यांनी आयुष्यातलं पहिलं बटण माझ्या काजातून ओढलं! मला गर्व आहे म्हणा हवं तर. पण माझ्या काजाचा दोरा सुटला, असं म्हणायला आजवर एकही आई आमच्या दारात आली नाही.

माझ्यावर काम करायला एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. सडपातळ, बोलघेवडी, हात मात्र विजेसारखा. काम करता करता ती शेजारणीशी गप्पा मारायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. माझा खट् ऐकला की कापड सरकवायची, पुढचा खट् ऐकला की पुन्हा सरकवायची. माझ्यावर ती डोळ्यांनी नाही, कानांनी काम करत असे. हे ध्यानात ठेवा. पुढे जे रामायण घडलं, ते यातूनच घडलं. वर्षं सरली, तिचे केस पिकले आणि सगळे तिला काजमावशी म्हणू लागले.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला कापड बेतायचं लांब टेबल होतं. तिथे मास्तरांचं राज्य. मास्तर म्हणजे गळ्यापर्यंत बटण लावलेला शर्ट, कानाला खडूचा तुकडा आणि हातात वीतभर लांब पात्यांची कात्री. उन्हाळा असो की काही असो, वरचं बटण उघडं असलेले मास्तर कुणी पाहिले नव्हते. "शिंप्याचाच शर्ट उघडा, तर गिऱ्हाइकाने काय बघून यायचं?" असं ते म्हणत आणि नव्या मुलींनाही तसंच टोकत.

मग हळूहळू शर्ट कमी होऊ लागले. आधी वाटलं, यंदा कमी असतील. दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. एका शाळेत चार तुकड्या होत्या, त्यांच्या दोन झाल्या, मग एक. एक शाळा दुसरीत मिसळली. खिडकीतून मला समोरची बाग दिसायची. झोपाळ्यासाठी पूर्वी पोरांची मारामारी चाले, आता झोपाळे वाऱ्यावर एकटेच हलत आणि बाकांवर मात्र बसायला जागा मिळेना. पूर्वी या गल्लीत एका आजोबांमागे चार नातवंडं धावत. आता एका नातवाच्या मागे चार आजी-आजोबा, आणि तो नातूही दूर कुठेतरी नोकरीला. यात कुणाचा दोष नव्हता. माणसं जास्त जगू लागली, ही तर आनंदाची गोष्ट. पण आमच्या पोटावर पाय आला, हेही खरं.

आणि आम्हीही म्हातारे होत होतो की! नव्या मुली कामाला यायच्या बंद झाल्या. होत्या त्या नऊजणी साठीच्या आसपास पोचल्या. कुणाची पाठ धरे, कुणाचा गुडघा. जुन्या मालकांची मुलगी आता मालकीणबाई होती आणि तिनेही साठी ओलांडली होती. आणि मास्तर? एका सकाळी घरी त्यांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, पाय सावरला, पण उजवा हात लुळा पडला. लांब टेबलाशी त्यांची जागा रिकामी राहिली, कापड मालकीणबाईच बेतू लागल्या.

गणवेशांवर भागेना म्हणून मालकीणबाईंनी धावपळ करून एक मोठं काम आणलं. बसचालकांचे शर्ट, तीनशे चाळीस. हे नीट झालं तर वर्षभराचं काम मिळणार होतं. नाही झालं, तर महिनाअखेर कुलूप. बाईंनी हे लपवलं नाही, सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. या नऊजणींना कुलूप परवडणारं नव्हतं. एकीचा नवरा अंथरुणावर, एकीच्या घरी नव्वदीची सासू, तिसरी अगदी एकटी. आणि साठीच्या बाईला नव्याने काम देतंय कोण?

आता ऐका काय झालं ते. काजांच्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच काजाला माझा दोरा मध्येच तुटला. अर्धवट काज राहिलं की त्यावरून पुन्हा टाके घालावे लागतात, आणि तेव्हा पातं खाली येऊन चालत नाही. त्यासाठी माझ्या बाजूला एक खिटी आहे. ती वर केली की पातं वरच अडकून राहतं. काजमावशीने खिटी वर केली, काज दुरुस्त केलं आणि खिटी खाली करायला ती विसरली.

त्यानंतरच्या एकाही काजाला चीर पडली नाही. दोन्ही कडा भरलेल्या, टोकं पक्की, दिसायला देखणं काज; पण मध्ये कापड जसंच्या तसं. माझा खट् येत नव्हता. मला वाटलं, आता ही थांबेल, आता तिच्या लक्षात येईल. पण मित्रांनो, काजमावशीला गेली तीन वर्षं खट् ऐकूच येत नव्हता. चाळीस वर्षं मशीनच्या घरघरीत बसून तिचे कान गेले होते. सवयीच्या ठेक्यावर ती कापड सरकवत होती आणि हे तिने एकाही जिवंत माणसाला कळू दिलं नव्हतं. बाकीच्या तरी कशा ओळखणार? सगळ्यांचे कान त्याच खोलीत गेलेले! मी आपली आतल्या आत तडफडत होते. ओरडता येत नाही, हे दुःख मला त्या तीन दिवसांत कळलं.

तरीही चूक पकडली जायला हवी होती. शर्टाची घडी घालण्याआधी इस्त्रीवाल्या काकू वरचं बटण लावतात. त्यांनी पहिला शर्ट घेतला, बटण लावायला गेल्या, लागेना. दुसरा घेतला, लागेना. काकूंच्या बोटांचे सांधे आखडलेले. त्यांना वाटलं, झालं, आपली बोटं आता कायमची गेली. कुणाला कळलं तर घरी बसवतील. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गुपचूप टाचण्यांची डबी काढली आणि तीनशे चाळीस शर्टांच्या गळ्याशी टाचणी लावून घड्या घातल्या. दिसायला सगळं झकास!

बस कंपनीचा माणूस माल न्यायला आला. त्याने एक शर्ट उलगडला, टाचणी काढली आणि बटण लावून पाहू लागला. एक मिनिट गेलं. मग त्याने काज डोळ्यांजवळ नेलं आणि तो हसत सुटला.

"बाई, हे शर्ट घालून आमचे चालक गाडी चालवणार की बटणाशी झोंबणार?"

"आत्ताच्या आत्ता हाताने चिरून देतो," मालकीणबाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत थांबा."

"नको. आज काजं, उद्या आणखी काही. राग मानू नका, पण तुमच्याकडे सगळ्यांचंच वय झालंय. जिथे तरुण माणसं आहेत, तिथे देतो मी काम." आणि तो रिकाम्या हाताने निघून गेला.

खोलीत सुई पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता पसरली. अर्थात पडली असती तरी आमच्यातल्या कुणाला ती ऐकू आली नसतीच.

"काजमावशी, तुम्हाला कळलं कसं नाही?" मालकीणबाईंनी विचारलं.

काजमावशी माझ्यावर हात ठेवून उभी होती. "मला ऐकू येत नाही, बाई. तीन वर्षं झाली, ओठ बघून समजून घेते."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय? तुम्ही घरी पाठवलं असतंत."

इस्त्रीवाल्या काकू पुढे आल्या. "माझीही चूक आहे. बटण लागत नव्हतं, ते मला पहिल्याच शर्टाला कळलं होतं. मला वाटलं, माझी बोटंच मेली."

मग जणू बांध फुटला. कापडाच्या कडा शिवणारी ओव्हरलॉकवाली म्हणाली, तिला निळा आणि काळा दोरा वेगळा ओळखता येत नाही, ती शेजारणीला विचारते. आणखी एकीने चक्कर येते म्हणून सांगितलं. शेवटी मालकीणबाई चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या, "मला तरी कुठे नीट दिसतं? माप लिहिताना मी अंदाज मारते." त्यावर कुणीतरी फसकन हसलं आणि मग सगळ्याच हसल्या. त्या दिवशी मला त्यांचा राग आला, कीव आली आणि माया तर फारच आली. प्रत्येकीने आपलं म्हातारपण चोरीच्या मालासारखं लपवून ठेवलं होतं. पण हसून काय होणार? महिनाअखेर बारा दिवसांवर होती. दुसऱ्याच दिवशी भंगारवाला येऊन माझ्याभोवती एक फेरी मारून गेला.

तो जातोय न जातोय तोच मास्तरांची लेक आली. ती एका इस्पितळात रक्ताच्या तपासण्या करते. तिने पिशवीतून मास्तरांची कात्री काढून टेबलावर ठेवली.

"बाबांनी परत पाठवलीय. म्हणाले, आता हिचा मला काय उपयोग." ती बसली. "आणि मी नोकरी सोडतेय, बाई."

"अगं, का?"

"माझी कामाची पाळी सातला सुरू होते. त्याआधी मी त्यांना शर्ट घालून देते. घाईत वरचं बटण राहतं, कधी एखादं वरखाली होतं. ते काही बोलत नाहीत. पण आता शर्टच नको म्हणतात. दिवसभर चादर पांघरून बसतात, दार वाजलं तरी उघडत नाहीत. 'लेकीकडून बटणं लावून घ्यायची वेळ आली,' एवढंच परवा म्हणाले. मी घरी राहिले तर निदान सावकाश तरी करीन सगळं."

तेवढ्यात इस्त्रीवाल्या काकूंनी एकदम आपल्या झग्याच्या गळ्याला हात घातला आणि फर्रकन पुढची पट्टी उघडली. सगळ्या दचकल्या. "काकू, हे काय चाललंय?"

"बघा गं. दोन वर्षं झाली, मी बटणं लावतच नाही." आत चिकटपट्टी होती. तुमच्या बुटांना असते ना, दाबली की चिकटते आणि ओढली की सुटते, तीच. "बटणं वरून नुसती शोभेला. कुणाला कळू नये म्हणून रात्री घरी बसून हाताने शिवली."

मालकीणबाई उठल्या. त्यांनी नाकारलेल्या शर्टांतला एक उचलला आणि माझ्या न चिरलेल्या काजावरून बोट फिरवलं. मग काजमावशीच्या अगदी कानाशी जाऊन त्या मोठ्याने म्हणाल्या, "हे काज चिरलेलं नाही तेच बरं झालं! बटण उसवून याच्यावरच बसवू. वरून बघणाऱ्याला वाटेल, बटण काजातून आलंय. आतून चिकटपट्टी!"

"एवढं ओरडू नका, कळलं मला," काजमावशी म्हणाली. "आणा इकडे."

तासाभरात शर्ट तयार झाला. लेकीच्या हाती तो देताना काजमावशीने बजावलं, "त्यांना घालून देऊ नकोस. खुर्चीवर ठेव आणि तू कामावर जा."

दुसरी सकाळ मी कशी विसरेन! नऊ वाजून गेले होते. मालकीणबाई दाराशी घुटमळत होत्या, काजमावशी खिडकीतून मान लांब करून बघत होती. आणि मास्तर आले. काठी टेकत, एकटे, सावकाश. अंगात आमचा शर्ट आणि गळ्यापर्यंत बटण लावलेलं! माझ्या आत लोखंड आहे म्हणून, नाहीतर मी त्या क्षणी रडले असते. काजमावशीने ते काम माझ्या वाट्याचंही करून टाकलं.

मास्तर आत आले आणि कौतुकाचा एक शब्द न बोलता कडाडले. "ही पट्टी कुणी लावली? गळ्याशी टोचतेय. आणि बाहीत लुळा हात जायला जागा कुठाय? काखेपाशी दोन बोटं वाढवायला हवं. खांद्याची शिवण मागे घ्या. मऊ पट्टी आणा. अशी शिवणकामाची लाज काढता होय?"

"मग बसा आणि दाखवा," मालकीणबाई म्हणाल्या.

मास्तर टेबलाशी बसले. कात्री डाव्या हाताला येईना म्हणून त्यांनी खडू डाव्या हातात धरला. रेघा वाकड्या येत होत्या, पण जागा अचूक होत्या. कापायचं काम मालकीणबाईंनी केलं. बाकीच्या सगळ्यांनीही आपली दुखणी आता चारचौघांत मांडली आणि त्याप्रमाणे खोली बदलली. दोऱ्याच्या रिळांवर मोठ्या अक्षरांत रंगांची नावं आली. उभं राहून करायच्या कामाला उंच बैठक मिळाली. इस्त्रीवाल्या काकूंना धरायला सोपी अशी जाड मूठ इस्त्रीला बसली. आणि माझ्यावर एक छोटा दिवा बसवला. खिटी वर असली की तो लाल पेटतो. काजमावशीला माझा आवाज आता ऐकू येत नाही, तर मी तिच्याशी दिव्याने बोलते.

पहिले चाळीस शर्ट मास्तरांची लेक आपल्या इस्पितळात घेऊन गेली. तिथे व्यायामाच्या खोलीत मास्तरांसारखीच माणसं येतात. चार दिवसांत तिथे व्यायाम करून घेणाऱ्या बाई स्वतः आमच्या दारात. "एक आजोबा आरशापुढून हलेनात हो," त्या सांगत होत्या. "सात महिन्यांनी स्वतःच्या हाताने शर्ट घातलाय म्हणाले. अजून द्या. बायकांसाठीही काहीतरी करा." मग एका वृद्धाश्रमाने शंभर नेले. मग माणसं आपणहून येऊ लागली. कुणाचे वडील, कुणाची आई, कुणी स्वतःसाठीच. जी गल्ली म्हाताऱ्यांची झाली म्हणून आम्ही कपाळाला हात लावला होता, तीच गल्ली आमच्या दारात रांग लावून उभी राहिली. शाळेची पोरं कमी झाली होती, पण शर्ट लागणारी माणसं कुठे कमी झाली होती? ती आमच्या डोळ्यांसमोर बाकांवर बसलेली असायची. आम्हालाच दिसली नव्हती.

बस कंपनीचा तो माणूसही आला, मान खाली घालून. त्याच्या वडिलांना शर्ट हवा होता. मालकीणबाईंनी त्याला सुनावण्याची संधी सोडली नाही. "उजवा हात पाठीमागे धरा," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या शर्टाची बटणं लावून दाखवा." त्याने घाम पुसेपर्यंत झटापट केली, एकही लागलं नाही. मग त्यांनी आमचा शर्ट पुढे केला. "आता हा." तो शर्ट त्याने एका हाताने घातला आणि पट्टी पुन्हा पुन्हा उघडून लावून पाहिली. त्याने तीन शर्ट घेतले.

आणि महिनाअखेर उजाडली. ज्या दिवशी दाराला कुलूप लागायचं होतं, त्या दिवशी तीनशे चाळिसांतला एकही शर्ट उरला नव्हता आणि नव्या दोनशेंचं काम टेबलावर होतं. मालकीणबाईंनी दारावर कागद चिकटवला: 'शिवणकाम येणारी माणसं हवीत. वयाची अट नाही.' दुपारपर्यंत सहाजण आले. सगळ्यात धाकटी तेवीस वर्षांची होती, सगळ्यात मोठे एकाहत्तर वर्षांचे. मास्तरांनी दोघांनाही एकाच दमात झापलं आणि दोघांनाही ठेवून घेतलं. भंगारवाला पुन्हा आला होता. काजमावशीने त्याला काय ऐकवलं, ते मी इथे सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

मास्तरांच्या लेकीने नोकरी सोडली नाही. ती सातच्या पाळीला जाते आणि मास्तर नऊला आमच्याकडे येतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं माणूस असेल, ज्याला बटण लावायला, बूट घालायला, जिना चढायला वेळ लागतो. त्याच्या अंगावर धावून जाऊन पटापट त्याची बटणं लावू नका. आणि वेळ लागतो म्हणून त्याला कोपऱ्यातही बसवू नका. आधी विचारा, काय अडतंय? मग शर्ट बदला, खुर्ची बदला, जिन्याला कठडा लावा. माणूस बदलायची गरज पडत नाही. आमच्या खोलीत हे कुणी विचारलं नाही म्हणून नऊजणी घाबरून गप्प बसल्या, आणि विचारलं गेलं तेव्हा त्यांनीच खोली वाचवली.

बरं, आता मला सोडा. दोनशे शर्ट पडलेत आणि काजमावशी पाय आपटतेय.